घातक कचऱ्याची साठवण, वाहतूक आणि विल्हेवाट : खान्देशातील उद्योजक, कामगार व ग्रामस्थांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील लघुउद्योजक, कारखान्यांचे सुपरवायझर, भंगार व्यावसायिक आणि औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांतील शेतकरी यांनी आजवर प्रत्यक्ष भेटीत विचारलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना कायद्याचे कलम सांगून थांबण्यापेक्षा ते कलम शेडमध्ये, गेटवर आणि शेतात कसे लागू होते, हे सांगण्यावर भर दिला आहे.

घातक कचरा म्हणजे नेमके काय, आणि त्यासाठी कोणता कायदा लागू आहे?

भोपाळच्या दुर्घटनेनंतर संसदेने १९८६ मध्ये पर्यावरण (संरक्षण) अधिनियम केला. त्याअंतर्गत घातक कचऱ्याचे पहिले नियम १९८९ मध्ये आले, पुढे २००८ मध्ये नवे नियम झाले आणि आज लागू असलेले ‘घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम’ ४ एप्रिल २०१६ रोजी अधिसूचित झाले. त्यात नंतर वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. विषारी, ज्वलनशील, स्फोटक, क्षरणकारी किंवा सहज रासायनिक क्रिया करणारा जो कचरा एकटा असताना अथवा इतर कचऱ्याच्या संपर्कात आल्यावर आरोग्याला किंवा पर्यावरणाला धोका पोचवू शकतो, तो घातक कचरा होय.

व्यवहारात हे दोन याद्यांवरून ठरते. अनुसूची १ मध्ये ३८ प्रकारच्या प्रक्रिया आणि त्यांतून निघणारा कचरा दिलेला आहे. आपला कचरा त्या यादीत असेल, तर प्रयोगशाळेचा अहवाल काहीही सांगो, तो घातकच समजावा असे मी सुचवतो. अनुसूची २ मध्ये घटकांच्या मर्यादा आहेत. उदाहरणार्थ, ठरावीक पद्धतीने झिरपवून काढलेल्या द्रावात शिसे किंवा आर्सेनिक प्रतिलिटर ५ मिलिग्रॅम, कॅडमियम १ मिलिग्रॅम किंवा पारा ०.२ मिलिग्रॅम या मर्यादेपर्यंत पोचला, की तो कचरा घातक ठरतो.

आमच्याकडे रसायने तयारच होत नाहीत. तरीही हे नियम आम्हाला लागू होतात का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘होय’ असे असते. जळगावच्या वसाहतीतील डाळमिल घ्या. चुरी, टरफल, कोंडा यांत घातक काही नाही, पण गिअरबॉक्समधून आणि जनरेटरमधून बदललेले काळे ऑइल अनुसूची १ मधील ५.१ या नोंदीखाली येते. पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात पाइपचे तुकडे पुन्हा दळून वापरले जातात, त्याची चिंता नाही. मात्र शिशाचे संयुग असलेला स्टॅबिलायझर ज्या पिशव्यांतून येत असेल, त्या रिकाम्या पिशव्या ३३.१ या नोंदीत बसतात. प्लेटिंग आणि गॅल्व्हनायझिंगच्या टाक्यांचा तळगाळ तसेच कापड रंगवणाऱ्या कारखान्यातील सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा, म्हणजे ईटीपीचा, रासायनिक गाळ यांबाबत तर वाद घालण्यास जागाच नाही.

ज्या उद्योगांना जल व वायू कायद्यांखाली संमतीपत्र लागत नाही, त्यांना २०१९ च्या सुधारणेने स्वतंत्र प्राधिकारपत्रातून, म्हणजे घातक कचरा हाताळण्याच्या परवान्यातून, सूट दिली आहे. परंतु ती सूट सशर्त आहे. आपला घातक कचरा प्राधिकृत वापरकर्ता, संकलक किंवा विल्हेवाट केंद्र यांच्याकडेच दिला पाहिजे. ‘आपल्याला कागद लागत नाही’ याचा अर्थ ‘ऑइल कोणालाही विकता येते’ असा काढला जातो, तो चुकीचा आहे. वापरलेल्या ऑइलसाठी १ एप्रिल २०२४ पासून विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाची, म्हणजे वापरानंतरच्या ऑइलची जबाबदारीही उत्पादकावर टाकणारी, व्यवस्थाही लागू झाली असून त्यामुळे नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकारापर्यंत पोचलेल्या प्रत्येक पिंपाचा हिशेब मागितला जाऊ लागला आहे.

दीपनगरच्या वीज केंद्राची राख, दवाखान्याचा कचरा आणि जुन्या बॅटऱ्या यांचे काय?

औष्णिक वीज केंद्राची राख या नियमांतील घातक कचऱ्याच्या वर्गातून वगळलेली आहे. तिच्या वापराबाबत केंद्र सरकारची डिसेंबर २०२१ ची स्वतंत्र अधिसूचना आहे. जैववैद्यकीय कचरा, बॅटऱ्या आणि ई-कचरा यांनाही प्रत्येकी वेगळे नियम आहेत. सांडपाणी आणि धूर हे अनुक्रमे १९७४ च्या जल व १९८१ च्या वायू कायद्यांखाली येतात.

प्राधिकारपत्र कोठे आणि कसे मिळते?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. नियमांनुसार अर्ज नमुना १ मध्ये आणि प्राधिकारपत्र नमुना २ मध्ये असते. आपल्या राज्यात संमतीपत्र आणि प्राधिकारपत्र एकत्रित देण्याची पद्धत आहे. जळगावला मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय आणि नाशिकला प्रादेशिक कार्यालय आहे. परिपूर्ण अर्ज आल्यापासून १२० दिवसांत निर्णय होणे अपेक्षित असून प्राधिकारपत्र पाच वर्षांसाठी दिले जाते.

अर्ज भरताना एक चूक फार होते. कचऱ्याचे प्रमाण मुद्दाम कमी दाखवले जाते, म्हणजे शुल्क आणि चौकशी कमी होईल असे वाटते. पुढे प्रत्यक्षात गाळ जास्त निघतो आणि तो पाठवताना मंजूर प्रमाण आडवे येते. मग गाळ शेडमध्ये साचतो, शेड भरते आणि जादा पोती मागच्या भिंतीलगत उघड्यावर जातात. मी पाहिलेल्या बहुतेक बेकायदा ढिगाऱ्यांची सुरुवात अर्जातल्या अशाच एका आकड्यापासून झाली होती. उत्पादनक्षमता पूर्ण वापरली तर किती गाळ निघेल, हे प्रामाणिकपणे मोजूनच तो आकडा लिहावा.

कारखान्यात हा कचरा किती दिवस ठेवता येतो, आणि शेड कशी असावी?

नियम ८ नुसार मर्यादा ९० दिवसांची आहे. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान उद्योगांना मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते, पण ती मागावी लागते. आपोआप मिळत नाही. मुदत मोजायची ती पहिले पोते ठेवल्याच्या दिवसापासून, त्यामुळे प्रत्येक पोत्यावर आणि ड्रमवर साठवणीची तारीख असलीच पाहिजे.

शेडबाबत सर्वसाधारण अपेक्षा सर्वांना ठाऊक असतात : पक्के छप्पर, न झिरपणारी जमीन, सांडलेला द्रव अडवणारा कठडा, तो द्रव गोळा करणारा खड्डा, अग्निशमनाची सोय आणि बाहेर पडण्यासाठी मोकळा मार्ग. एकमेकांशी क्रिया करणारे कचरे, जसे आम्ल आणि सायनाइडयुक्त गाळ, एका कठड्याच्या आत कधीही ठेवू नयेत, कारण दोन्ही एकत्र आल्यास हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू तयार होतो. ड्रम लाकडी पॅलेटवर ठेवावेत आणि तीनपेक्षा जास्त थर लावू नयेत.

मात्र खान्देशात दोन गोष्टींचा विचार वेगळा करावा लागतो. पहिली गोष्ट म्हणजे जमीन. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पुरेसा मुरूम न भरता टाकलेल्या कोब्याला दोन उन्हाळ्यांत भेगा पडतात. वरून शेड नीटनेटकी दिसते, पण सांडलेले ऑइल कठड्यापर्यंत पोचण्याआधीच भेगेतून खाली उतरते. दरवर्षी मे महिन्यात शेड पूर्ण रिकामी करून जमीन झाडून भेगा तपासाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी त्या बुजवून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे ऊन. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये सॉल्व्हंटचा अंश असलेला लोखंडी ड्रम वरच्या बाजूने चक्क फुगलेला दिसतो आणि रात्री गारवा आला की ‘टण्ण’ असा आवाज करून पूर्ववत होतो. हा खेळ महिनाभर चालला की झाकणाची कड सैल पडते. अशा ड्रममध्ये वरची जागा मोकळी सोडावी, शेडला आरपार वायुवीजन ठेवावे आणि फुगलेल्या ड्रमचे झाकण कोणत्याही कामगाराला हातोडी-छिन्नीने उघडू देऊ नये.

लेबल कसे असावे?

नमुना ८ प्रमाणे. पार्श्वभूमी झळाळत्या पिवळ्या रंगाची आणि ‘घातक कचरा’ व ‘काळजीपूर्वक हाताळा’ हे शब्द लाल रंगात इंग्रजी, हिंदी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत असावेत. लेबल न धुतले जाणारे आणि ऊन-पावसात टिकणारे असले पाहिजे. एका शेडमध्ये मी साध्या कागदावर छापून चिकटपट्टीने लावलेली लेबले पाहिली होती. उन्हाने लाल अक्षरे आधी गुलाबी झाली, नंतर नाहीशी झाली आणि उरला तो कोरा पिवळा कागद. आत काय आहे हे सांगणारा सुपरवायझर नोकरी सोडून गेला होता. त्या अकरा ड्रमची तपासणी करून घेण्यासाठी जो खर्च आला, त्यात कितीतरी वर्षे पुरतील एवढी चांगली लेबले आली असती.

मॅनिफेस्ट म्हणजे काय, आणि त्याच्या सात प्रती कशासाठी?

या संपूर्ण व्यवस्थेत एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर मी मॅनिफेस्टचे नाव घेईन. आपल्या कारखान्यातून निघालेला कचरा जेथे पोचायला हवा तेथेच पोचला, हे सिद्ध करणारा तो एकमेव कागद आहे. नियम १९ नुसार तो नमुना १० मध्ये भरायचा असून त्याच्या सात प्रती सात रंगांच्या आहेत.

पांढरी प्रत पाठवणारा मंडळाकडे पाठवतो. पिवळी प्रत वाहतूकदाराची सही घेऊन पाठवणाऱ्याने स्वतःजवळ ठेवायची. उरलेल्या पाच प्रती गाडीबरोबर जातात. कचरा पोचल्यावर गुलाबी प्रत स्वीकारणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते, हिरवी स्वीकारणारा मंडळाला पाठवतो आणि निळी प्रत पाठवणाऱ्याकडे परत येते. कचरा दुसऱ्या राज्यात गेला असेल, तर सातवी, राखाडी प्रत पाठवणाऱ्याच्या राज्यातील मंडळाला जाते. आता बरेचसे काम ऑनलाइन होत असले, तरी कोणी काय आणि केव्हा कबूल केले याची साखळी तीच आहे.

यातली निळी प्रत सर्वांत महत्त्वाची. पिवळी प्रत सांगते की गाडी गेटाबाहेर गेली. निळी प्रत सांगते की गाडी मुक्कामी पोचली आणि तिथल्या काट्यावर तेवढेच वजन भरले. अनेक उद्योजकांची फाइल पिवळ्या प्रतींनी भरलेली असते आणि निळ्या प्रती मोजल्या तर निम्म्याही नसतात. ‘गाडीवाल्याला पैसे दिले, आता त्याचे तो बघेल’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. गाडी रस्त्यात कोठे रिकामी झाली, तर नियम २३ प्रमाणे पर्यावरणाच्या आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरही येते.

माझी सूचना अशी की, गाडी निघाल्याच्या तारखेपुढे वहीत एक रिकामा रकाना ठेवावा आणि निळी प्रत आल्यावरच तो भरावा. आठ दिवसांत तो रकाना रिकामा राहिला तर स्वीकारणाऱ्या केंद्राला स्वतः फोन करावा, आणि तेथे गाडी पोचलेलीच नाही असे कळल्यास त्याच दिवशी मंडळाला लेखी कळवावे. उशिरा कळवणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते, आणि ते योग्यच आहे.

गाडीच्या चालकाजवळ नमुना ९ मधील आपत्कालीन माहितीपत्रक, म्हणजे ट्रेम कार्ड, असले पाहिजे. ते चालकाला वाचता येईल अशा भाषेत आहे का, हे गाडी भरण्याआधी त्याला मोठ्याने वाचायला लावून पाहावे.

नवापूर किंवा शिरपूरहून कचरा गुजरात अथवा मध्य प्रदेशात पाठवता येतो का?

येतो, पण अंतर कमी आहे म्हणून थेट पाठवता येत नाही. दुसऱ्या राज्यातील विल्हेवाट केंद्रात अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा न्यायचा असेल, तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पुनर्वापर, पुनर्प्रक्रिया किंवा सिमेंट भट्टीतील सहप्रक्रियेसाठी (तेथे इंधन किंवा कच्चा माल म्हणून वापरण्यासाठी) पाठवताना दोन्ही राज्यांच्या मंडळांना पूर्वसूचना द्यावी लागते. वाहतुकीची जबाबदारी पाठवणाऱ्याची की स्वीकारणाऱ्याची, हे मॅनिफेस्टवर स्पष्ट लिहिलेले असावे. नवापूरच्या नाक्यापलीकडे दहा-वीस किलोमीटरवर ‘घेणारा माणूस’ आहे असे कोणी सांगितले, तर आधी त्याच्या प्राधिकारपत्राची प्रत मागावी आणि त्यात आपल्या कचऱ्याचा नोंद क्रमांक व प्रमाण आहे का ते तपासावे.

खान्देशातील घातक कचरा शेवटी जातो कोठे?

महाराष्ट्रात घातक कचऱ्याच्या प्रक्रिया, साठवण व विल्हेवाटीची सामाईक केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे आहेत. खान्देशाच्या तीन जिल्ह्यांत असे केंद्र नाही. जळगावहून रांजणगाव गाठायचे तर घाट उतरून-चढून ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. लहान उद्योजकाला वर्षाकाठी निघणाऱ्या दोन टन गाळासाठी ही गाडी महाग पडते, ही तक्रार खरी आहे आणि मी ती हलकी मानत नाही. यावर नियमांत बसणारा मार्ग असा, की वसाहतीतील आठ-दहा कारखान्यांनी केंद्राशी स्वतंत्र सभासदत्व घेऊन एकाच दिवशी, एकाच गाडीच्या फेरीत कचरा द्यावा. प्रत्येकाचे मॅनिफेस्ट मात्र वेगळे असावे आणि एकमेकांशी न जमणारे कचरे एका गाडीत चढवू नयेत. उद्योजक संघटनांनी हे काम हाती घेतले पाहिजे.

असे केंद्र उद्या आपल्या भागात येणार असेल, तर कायदा त्याच्याकडून काय मागतो?

जागा निश्चित करण्याची जबाबदारी नियम १६ नुसार राज्य शासन, कचरा निर्माण करणारे उद्योग आणि केंद्रचालक यांच्यावर स्वतंत्रपणे अथवा संयुक्तपणे आहे. त्यानंतर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरी लागते. भट्टी असलेले केंद्र ‘अ’ वर्गात येते, फक्त भूभरावाचे, म्हणजे अस्तर घातलेल्या खड्ड्यात कचरा पुरण्याचे, केंद्र ‘ब’ वर्गात. जनसुनावणी असेल तर किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांतून जाहीर सूचना द्यावी लागते, अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय व जिल्हा परिषद येथे पाहण्यास ठेवावा लागतो, आणि सुनावणीच्या शेवटी नोंदवलेले मुद्दे लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागतात. वाचून झाल्याखेरीज उठू नये; आपला मुद्दा नोंदला गेला आहे का, ते तिथेच ऐकावे. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीच्या आतील प्रकल्पाला सुनावणीतून सूट मिळू शकते, हेही माहीत असावे.

बांधकामाबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष काटेकोर आहेत. भूभरावाच्या खड्ड्याच्या तळाशी दाबून बसवलेली चिकणमाती आणि तिच्यावर किमान १.५ मिलिमीटर जाडीचे एचडीपीई या दाट प्लास्टिकचे आवरण असते. दुहेरी अस्तराच्या रचनेत असे दोन थर असून त्यांच्यामध्ये वरच्या थराची गळती ओळखणारी निचरा व्यवस्था असते. सर्वांत वर साचणारे दूषित पाणी उपसून त्यावर प्रक्रिया करावी लागते. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या क्षेत्रात असे केंद्र नको, हा निकष तापी, पांझरा आणि गिरणा काठच्या गावांनी विशेष लक्षात ठेवावा.

ज्याचे उष्मांक मूल्य, म्हणजे जळताना मिळणारी उष्णता, प्रतिकिलो २,५०० किलोकॅलरीपेक्षा जास्त आहे, असा कचरा पुरण्यास योग्य नाही. तो भट्टीत किंवा सिमेंट भट्टीत सहप्रक्रियेसाठी जातो. भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १,१०० अंश सेल्सिअस तापमानात वायू किमान दोन सेकंद राहावा लागतो, कारण तापमान किंवा वेळ कमी पडल्यास डायॉक्सिनसारखी अतिविषारी संयुगे शिल्लक राहतात.

खड्डा भरला म्हणजे काम संपत नाही. वरून आवरण घालून बंद केल्यानंतरही ३० वर्षे भूजल, गळती आणि वायू यांवर देखरेख ठेवावी लागते. ज्या गावाजवळ केंद्र येईल, तेथील आज शाळेत जाणारी मुले चाळिशीच्या घरात पोचेपर्यंतचा हा काळ आहे. म्हणून सुनावणीत रोजगाराइतकाच प्रश्न या देखरेखीच्या निधीबद्दल विचारावा.

रसायनांचे रिकामे ड्रम भंगारात विकले तर काय बिघडते?

फार बिघडते. घातक रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम, कॅन आणि पिशव्या ३३.१ या नोंदीनुसार स्वतःच घातक कचरा आहेत. ते निर्मळ करण्याचे प्राधिकारपत्र असलेल्या व्यावसायिकाकडेच द्यावे लागतात.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात घरोघरी पाणी भरून ठेवावे लागते आणि दोनशे लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम सर्वांत स्वस्त पडतो. एका आठवडी बाजारात मी असे ड्रम रांगेने उभे पाहिले होते. बाहेरून घासून लख्ख केलेले, लेबल ब्लेडने खरवडलेले, पण कडेला डिंकाचा चौकोन आणि त्यात अर्धवट उरलेले धोक्याचे चिन्ह. बुचाच्या आट्यांत बोट फिरवले तर पिवळसर चिकट थर बोटाला लागला. विकणाऱ्याने सांगितले की दोन पाण्याने धुतले आहेत. त्या दोन पाण्यांचे काय झाले, हे विचारण्याची गरजच नव्हती. गाड्याखालची माती ओली होती.

कारखानदाराने ड्रम विकताना मिळवलेले दोन-तीनशे रुपये आणि एखाद्या घराने त्यातले पाणी चार महिने पिणे, यांत थेट संबंध आहे. ड्रम प्राधिकृत व्यक्तीकडे देता येत नसतील तर निदान ते मूळ पुरवठादाराला त्याच रसायनासाठी परत देण्याचा करार करावा, आणि या दोघांखेरीज इतर कोणाकडेही कोणत्याही परिस्थितीत अखंड ड्रम जाऊ देऊ नये. भंगार व्यावसायिकांनाही विनंती आहे की, झाकण उघडून वास घेऊन माल ठरवण्याची पद्धत त्यांनी स्वतःच्या जिवासाठी सोडून द्यावी.

कामगारांना कोणते हक्क आहेत?

आपण काय हाताळतो आहोत हे कळण्याचा आणि त्यासाठीची साधने व प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्यांना आहे. नियम ५ ने तर पुनर्प्रक्रियेच्या कामातील मजुरांची नोंदणी, कौशल्य प्रशिक्षण आणि सुरक्षितता व आरोग्यावर देखरेख ही राज्य शासनाची जबाबदारी ठरवली आहे. कंत्राटी कामगार या सगळ्यातून वगळला जातो, असा माझा अनुभव आहे. गाळ उपसण्याचे काम नेमके त्यालाच दिले जाते. हातमोजे देणे पुरेसे नाही, कारण सॉल्व्हंटला साधे सुती मोजे उलट शोषून धरतात. कोणत्या रसायनाला कोणता मोजा, हे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकात दिलेले असते. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे कामगार तक्रार करू शकतो.

गळती किंवा आग लागल्यास प्रथम काय करावे?

माणसे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला बाजूला काढावीत, ११२ वर कळवावे, आणि मंडळाला ताबडतोब दूरध्वनी व ई-मेलने माहिती द्यावी. सविस्तर अहवाल नंतर नमुना ११ मध्ये द्यायचा असतो. सांडलेला द्रव पाण्याच्या पाइपने धुऊन नाल्यात ढकलू नये. कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करावा, मात्र तीव्र ऑक्सिडीकारक रसायनांवर भुसा कधीही वापरू नये. तो गोळा केलेला माल हाही घातक कचराच असतो.

शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रसायन कारखान्यात झालेल्या स्फोटात अनेकांचे प्राण गेले. हा अपघात आपल्याच परिसरात घडला आहे. त्यामुळे आपत्कालीन सराव कागदावर उरकणाऱ्यांना ‘आपल्याकडे असे होत नाही’ असे म्हणता येणार नाही.

नियम मोडल्यास शिक्षा काय?

जनविश्वास कायद्याने केलेले बदल १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्यावर पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातील सर्वसाधारण उल्लंघनासाठी कारावासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतचा दंड ठरवण्यात आला. उल्लंघन चालू राहिल्यास दररोज वाढीव दंड होतो आणि दंड न भरल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. ‘आता फक्त दंड आहे’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी नुकसानभरपाईचा भाग विसरू नये. दिल्लीतील १९८५ च्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांसाठी संपूर्ण जबाबदारीचे, म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी नुकसान भरून देण्याचे, तत्त्व मांडले. राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कचऱ्याने नासल्या, त्या प्रकरणी १९९६ मध्ये न्यायालयाने शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषकाकडूनच वसूल करण्याचा निकाल दिला. जमीन आणि भूजल शुद्ध करण्याचा खर्च दंडाच्या कितीतरी पट असतो.

वार्षिक विवरणपत्र नमुना ४ मध्ये दरवर्षी ३० जूनपर्यंत भरावे लागते. ते न भरणे हेही उल्लंघन आहे.

आमच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. आम्ही कोणाकडे जावे?

‘पानीना वास येस’ एवढे सांगून तक्रार पुढे सरकत नाही, म्हणून तिला तारखा जोडाव्यात. वास प्रथम कधी आला, पावसानंतर वाढतो का, पाण्यावर तवंग किंवा रंग दिसतो का, शेजारच्या कोणत्या विहिरींना वास नाही, हे वहीत लिहावे. मग मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी, ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेलाही प्रत द्यावी. नमुना घेताना अधिकाऱ्यासोबत गावातील दोन माणसांनी हजर राहावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००३ च्या आदेशापासून घातक रसायने व कचरा हाताळणाऱ्या कारखान्यांनी त्याची माहिती मुख्य प्रवेशद्वाराबाहेरील फलकावर लावणे बंधनकारक आहे. तो फलक वाचावा, त्याचे छायाचित्र घ्यावे. फलक नसेल तर तोही तक्रारीचा मुद्दा आहे. कारखान्याचे संमतीपत्र आणि वार्षिक विवरणपत्र माहिती अधिकारात मागता येते. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे जाता येते. नुकसानभरपाईच्या अर्जासाठी साधारणपणे पाच वर्षांची मुदत आहे.

कापूस आणि केळीवर फवारलेल्या औषधांच्या बाटल्यांचे काय करावे?

शेतकऱ्याला प्राधिकारपत्र लागत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे रिकामी वेष्टने पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे. विहिरीच्या कठड्यावर किंवा पाटात बाटली धुऊ नये, आणि बांधावर जाळू तर मुळीच नये.

बंद पडलेल्या कारखान्याचा प्लॉट घेतला आणि मागच्या बाजूला पुरलेले ड्रम निघाले, तर जबाबदार कोण?

मूळ प्रदूषकावर जबाबदारी असतेच, पण तो सापडला नाही तर व्यवहाराची फाइल ज्याच्या हातात आहे, त्याच्यापाशी प्रश्न येऊन थांबतात. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम केले असून संशयित स्थळांची माहिती देण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडेही सोपवले आहे. त्यानंतर तपासणी, स्थळ दूषित असल्याची निश्चिती आणि जबाबदार व्यक्तीकडून शुद्धीकरण असा क्रम आहे.

प्लॉट घेण्यापूर्वी जुन्या मालकाच्या शेवटच्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील कचऱ्याचा आकडा आणि मॅनिफेस्टच्या निळ्या प्रतींवरील वजन यांची बेरीज जुळते का, ते पाहावे. फरक आला तर जागेवर फिरून माती खचलेली, गवत न उगवणारी किंवा नंतर भराव केलेली जागा शोधावी आणि व्यवहार होण्याआधी तेथे दोन मीटर खोलीचे चर घेऊन मातीचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासावेत. ड्रम आधीच हाती लागले असतील, तर जेसीबी तिथल्या तिथे थांबवावा, खड्ड्यावर ताडपत्री टाकून पाणी आत जाणार नाही अशी व्यवस्था करावी आणि एकही ड्रम न हलवता मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवावे.